स्वयंपाकाचे पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

सी-402 : सोसायटीतील सर्वांना नमस्कार. आमचा मुलगा पुढील महिन्यात नोकरीनिमित्त बंगळुरूला जात आहे. तेथे तो दोन मित्रांसह भाड्याच्या घरात राहणार असून स्वयंपाक घरीच करण्याचा त्यांचा विचार आहे. त्याला शिकण्याची मनापासून इच्छा आहे, मात्र आजवर त्याने गॅसपाशी फारसे काही केलेले नाही. रोजचे साधे जेवण पायापासून शिकवील असे एखादे विश्वासार्ह मराठी पुस्तक कृपया सुचवावे.

बी-201 : ताई, आजकाल प्रत्येक पदार्थाचे व्हिडिओ उपलब्ध असताना पुस्तकाची खरोखर गरज आहे का? माझा भाचा सगळे त्यावरूनच शिकला.

ए-103 : दादा, कणीक किती सैल असावी किंवा कांदा कितपत परतावा हे डोळ्यांनी पाहिलेले चांगले, हे मला मान्य आहे. परंतु दहा जणांचे दहा व्हिडिओ पाहिले तर दहा प्रमाणे हाती येतात आणि नवख्या माणसाला त्यांतले कोणते धरावे हेच कळत नाही. एका पुस्तकात एकाच हाताचे प्रमाण असते, त्यामुळे आमटी पातळ झाली तर पुढच्या वेळी नेमके काय बदलायचे ते समजते.

सी-402 ताई, एकच पुस्तक घ्यायचे असेल तर कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते 1970 साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि आजही दुकानांत मिळते. त्याचा मोठा गुण असा की, त्यातील प्रमाणे वाटी आणि चमचा या मापांत दिलेली आहेत, त्यामुळे वजनकाटा नसलेल्या घरातही काम अडत नाही. सारस्वती पद्धतीची आवड असेल तर मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने सिद्ध केलेली ‘रसचंद्रिका’ही चांगली आहे, पण ते दुसरे पुस्तक म्हणून घ्यावे.

तरीही माझ्या शब्दावर विसंबू नका. दुकानात पुस्तक स्वतः चाळून पाहा. त्या वेळी पक्वान्नांची पाने बाजूला ठेवून साबुदाण्याच्या खिचडीचे पान काढा. तेथे ‘साबुदाणा भिजवून घ्यावा’ एवढेच लिहिले असेल, तर ते पुस्तक ज्याला खिचडी आधीच येते त्याच्यासाठी आहे. साबुदाणा धुऊन, पाणी काढून टाकून, दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने राहील एवढेच पाणी ठेवून चार-पाच तास झाकून ठेवावा, आणि दोन बोटांत दाबल्यावर दाणा मधल्या कणीशिवाय पूर्ण मोडला म्हणजे तो भिजला असे समजावे, इतके सांगणारे पुस्तक नवशिक्याच्या उपयोगाचे असते. तसेच फोडणीचे पाहावे. मोहरी पूर्ण तडतडल्यावरच हिंग-हळद घालावी आणि हळद करपण्यापूर्वी लगेच भाजी किंवा पाणी घालावे, हा क्रम निदान एका ठिकाणी तरी सविस्तर लिहिलेला हवा.

बी-502 : काकू, वाटीच्या मापाबद्दल मला शंका आहे. आमच्याकडे आमटीची वाटी आणि चटणीची वाटी यांत दुपटीहून अधिक फरक आहे. मग मुलाने कोणती वाटी धरायची?

ए-103 : तुमची शंका अगदी योग्य आहे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी असे लिहिलेले असते, तेव्हा वाटी कोणतीही चालते, कारण ते केवळ एकास दोन असे प्रमाण आहे. फक्त तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजावे. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडे कमी लागते, हेही पुस्तकात असायला हवे. एक वाटी डाळीला अमुक चमचे मीठ किंवा तिखट असे असते, तेव्हा मात्र वाटीचा आकार कळलाच पाहिजे. म्हणून त्याला मापाच्या कपांचा आणि चमच्यांचा एक संच घेऊन द्या. त्यातील लहान चमचा 5 मिलिलिटरचा आणि मोठा 15 मिलिलिटरचा असतो. पुस्तकातील वाटी किती मोठी आहे हे लिहिलेले नसेल, तर एक मध्यम वाटी कायमची ठरवून घ्यावी, पहिल्यांदा मीठ-तिखट बेतानेच घालावे आणि जुळलेला आकडा पेन्सिलीने त्याच पानावर लिहावा.

ए-601 : वैद्यकीय दृष्टीने एक गोष्ट जोडतो. मुले एकटी राहताना राजमा आवडीने करतात. राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्यावर पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे तीव्र उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजवल्यास प्रश्न राहत नाही. मंद तापमानावर चालणाऱ्या विजेच्या भांड्यात मात्र तो कच्चा असताना थेट टाकू नये. पुस्तक निवडताना कडधान्यांच्या प्रकरणात भिजवण्याचा वेळ दिला आहे का, हे अवश्य पाहावे.

सी-402 : आपणा सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, राजम्याची सूचना मी त्याला आजच पाठवते. काकू, कुकरच्या शिट्ट्यांबद्दलही तो विचारत होता, आणि पोळ्या पुस्तकावरून जमतील का?

ए-103 : शिट्ट्यांचा आकडा कुकरच्या आकारावर आणि आचेवर अवलंबून असतो, त्यामुळे पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून किती मिनिटे ठेवायचे ते सांगणारी कृती अधिक भरवशाची असते. कुकर आपोआप थंड होऊन दाब उतरेपर्यंत झाकण उघडायचे नाही, हे त्याला बजावून सांगा.

पोळ्या मात्र पुस्तकावरून येतील असे मी म्हणणार नाही. कणकेचे प्रमाण पुस्तक सांगते, पण कडा पातळ लाटण्यासाठी हाताचा जोर कुठे द्यायचा आणि तवा पुरेसा तापला हे कसे ओळखायचे, ते शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. मुलगा येथे आहे तोवर त्याला संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे पाठवा. रोज पाच-सहा पोळ्या त्याच्याकडून लाटून घेईन. ‘रुचिरा’ची माझी प्रतही त्या वेळी त्याला पाहायला देईन, म्हणजे विकत घेण्यापूर्वी त्यातील भाषा त्याला समजते की नाही हे तुम्हाला कळेल.