हत्ती दारात बांधल्यावर : आलिशान सेडान, तिची सर्व्हिस आणि तुमचे अनुभव

गेल्या सोमवारी सकाळी पार्किंगमध्ये गेलो तर गाडी बसली होती. पंक्चर नव्हे, बसली होती. पुढचा उजवा कोपरा जमिनीला टेकायला आलेला, म्हैस एका कुशीवर रेलते तशी. स्टार्ट केल्यावर पाचेक मिनिटं खालून घरघर आवाज आला, गाडी हळूहळू उठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसली.

गाडी जर्मन, २०१५ची. नवी होती तेव्हा पन्नास लाखांच्या वर. मी २०२२ मध्ये साडेसतरा लाखांना सेकंडहँड घेतली. घेताना मित्राने एकच वाक्य सांगितलं होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं: "गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही." शोरूमच्या वर्कशॉपने एअर सस्पेन्शनचं, म्हणजे गाडी हवेवर तोलून धरणाऱ्या यंत्रणेचं, एस्टिमेट दिलं तीन लाख चौऱ्याण्णव हजार. पुढचे दोन्ही स्ट्रट (चाकांवरचे हवेचे खांब), त्यांत हवा भरणारा कंप्रेसर, ती वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, मजुरी वेगळी. गाडी लिफ्टवर चढवलेलीसुद्धा मला दिसली नाही. लॅपटॉप लावला, प्रिंट काढली, सही मागितली. मी केली नाही, गाडी घरी आणली.

म्हणून हा धागा. ज्यांनी असा हत्ती पाळलाय त्यांनी लिहा: कोणती, किती जुनी, काय बिघडलं, किती लागले, शोरूमवाले कसे वागले. कंपन्यांची आणि शोरूमची नावं नकोत, भांडणंच होतात. माझं काय झालं ते शेवटी सांगतो.

ठाणे

मी मालक नाही, ड्रायव्हर आहे. चालत असेल तर लिहितो. एकोणीस वर्षं या लाइनीत आहे, सध्याच्या साहेबांकडे सात.

गाडी सर्व्हिसला द्यायला मीच जातो. देताना किलोमीटर, पेट्रोलचा काटा, चारी टायर आणि डिकीतला टूलकिट यांचा मोबाइलवर फोटो काढतो. आधी नव्हतो काढत. दोन वर्षांपूर्वी गाडी शनिवारी दिली आणि रविवारी रात्री साहेबांच्या मोबाइलवर फास्टॅगचा मेसेज आला, खालापूर टोल. साहेब मला फोन करून विचारतात, "कुठे फिरतोयस रे?" मी घरी जेवत बसलो होतो. सोमवारी बघितलं तर जॉबकार्डवर, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप करतं त्या नोंदीत, ४२,११८ किलोमीटर आणि मीटरवर ४२,२४६. वर्कशॉपवाले म्हणाले ट्रायल मारली. ब्रेक पॅड बदलल्याची ट्रायल लोणावळ्याच्या रस्त्याला मारतात हे मला नवीन होतं. साहेबांनी मॅनेजरला मेसेज दाखवला, तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. मजुरी माफ झाली. तेव्हापासून गाडी देताना फास्टॅग काढून खिशात ठेवतो.

दुसरं, टायर. आमचे रन-फ्लॅट आहेत, डिकीत स्टेपनीच नाही. हवा गेली तरी ऐंशीच्या स्पीडने ऐंशी किलोमीटर जातात असं पुस्तकात लिहिलंय आणि जातात पण. पण ऐंशी किलोमीटरवर त्या साइजचा टायर मिळाला पाहिजे ना! समृद्धीवर जालन्याच्या पुढे आमचा टायर फाटला. त्या मापाचा टायर संभाजीनगरलाही नव्हता, मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकून मागवला. साहेब टॅक्सीने पुढे गेले, मी दीड दिवस लॉजवर. आता लांब जायचं असलं की एक साधी स्पेस सेव्हर स्टेपनी आणि जॅक डिकीत टाकतो. साहेबांच्या बॅगा मागच्या सीटवर.

पुणे, वर्कशॉपच्या काउंटरच्या पलीकडून

मी सहा वर्षं अशाच एका ठिकाणी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. आता सोडलंय, त्यामुळे मोकळेपणाने.

धागाकर्त्याला तो प्रिंटआउट देणारा मुलगा बहुतेक वाईट नसेल. त्याला दर गाडीमागे किती बिल व्हायला हवं याचं टार्गेट असतं आणि रोज संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांचे आकडे पडतात. तो फिटर नाही. गाडीखाली गेलेला नाही. जो खाली गेला, त्याला तुमच्याशी बोलू देत नाहीत. म्हणून पहिलं काम हेच करा: "ज्याने गाडी तपासली त्याच्याशी दोन मिनिटं बोलायचंय," म्हणा. काचेमागून तेलकट हात पुसत एक माणूस येईल आणि बऱ्याचदा एस्टिमेट तिथेच अर्धं होईल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

इंजिन डिकार्बनायझेशन, इंजेक्टर क्लीनर, एसी डिसइन्फेक्शन, पॉलिश ही सगळी आमची भाजी-भाकरी. गाडीच्या पुस्तकात यातलं काय लिहिलंय ते बघा, नसेल तर नको म्हणा, कोणी रागवत नाही. पण उलटंही सांगतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायला सांगितलं तर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जास्तच. 'लाइफटाइम' गिअर ऑइलवर तर विश्वासच ठेवू नका. झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बऱ्याच जर्मन गाड्यांत असतो. गिअरबॉक्स बनवणारी ही कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. त्याची तळाची ट्रे प्लास्टिकची आणि फिल्टर तिच्यातच बसवलेला, म्हणून ट्रेसकट बदलावं लागतं आणि बिल मोठं दिसतं. ते बिल खरं असतं.

बॅटरी बाहेरून स्वस्तात टाकणाऱ्यांनो, बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी टाकली की ते कॉम्प्युटरला कळवावं लागतं. नाही कळवलं तर तो जुनी समजूनच चार्ज करत राहतो आणि नवी बॅटरी लवकर मरते. मग शिव्या बॅटरीला.

बदललेले जुने पार्ट परत हवेत हे जॉबकार्डवरच लिहून घ्या, डिलिव्हरीच्या वेळी मागितले तर "स्क्रॅपमध्ये गेले" ऐकाल. वॉरंटीत बदललेले मात्र मिळणार नाहीत, ते कंपनीला परत जातात. आणि एस्टिमेट जुनं असेल तर कर तपासा. पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय. चार लाखांच्या बिलात तो फरक लहान नाही.

शनिवारी गाडी नेऊ नका. महिनाअखेरीला तर मुळीच नको.

नागपूर

मी भूलतज्ज्ञ आहे. गाडी माझी, कर्ज माझं, आरसी माझ्या नावावर. तरी दर वेळी काउंटरवर पहिला प्रश्न: "मॅडम, सर नाही आले?" एकदा नवऱ्याला मुद्दाम बरोबर नेलं. अर्धा तास सगळं त्याला समजावून सांगितलं. त्याला बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही. तो बिचारा मान डोलवत होता.

आता मुद्द्याचं. डिझेल, बीएस सिक्स. तिसऱ्या वर्षी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सांगितलं गेलं: डीपीएफ, म्हणजे धुराची जाळी, चोक झालाय, बदलावा लागेल, दोन लाखांच्या पुढे. मी विचारलं, फॉल्ट कोड काय आलाय? उत्तर: "मॅडम, तो टेक्निकल विषय आहे." पेशंटच्या नातेवाइकांना मी असं सांगून पाहू का एकदा?

शेवटी एका ओळखीच्या मेकॅनिकने शांतपणे विचारलं, गाडी रोज किती चालते? घर ते हॉस्पिटल चार किलोमीटर. परत चार. तो हसला. ती जाळी म्हणजे धुरातली काजळी धरून ठेवणारा फिल्टर आणि साठलेली काजळी ती स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी एक्झॉस्ट नीट तापायला हवा. चार किलोमीटरमध्ये चहा तापणार नाही. त्याने लॅपटॉपवर काजळीची पातळी पाहिली, अजून हाताबाहेर गेली नव्हती. मग रविवारी वर्धा रोडला गाडी काढली, ऐंशी-नव्वदच्या एकसारख्या वेगाने, मध्ये न थांबता. वर्ध्याच्या अलीकडेच दिवा विझला. गोरसपाक घेऊन परत आलो. खर्च डिझेल अधिक गोरसपाक. आता पंधरा दिवसांतून एकदा जातो. गाडीसाठी असं घरी सांगते.

ज्यांचं रोजचं जाणं-येणं एवढंसंच आहे त्यांनी डिझेल घेऊच नये, हे मला विकताना कोणी सांगितलं नाही. आणि दिवा लागलेला असताना महिनोन्महिने तसंच चालवलं असतं तर जाळी खरंच बदलावी लागली असती, हेही तो मेकॅनिक म्हणाला.

मुंबई, परळ

छोटंच लिहितो, आठवलं की अजून पोटात गोळा येतो. गेल्या पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, सीटच्या खालपर्यंत. पाणी ओसरल्यावर वॉचमनने चांगल्या मनाने बटण दाबून "चालू होतेय का बघितलं". झालं. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलेलं, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला.

माझी पॉलिसी झिरो डेप होती, मी निर्धास्त. सर्व्हेअर म्हणाला, झिरो डेप म्हणजे घसारा कापणार नाही एवढंच. पाणी गेलेलं इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान हवं असेल तर इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. मी ते काही हजार वाचवायला काढून टाकलं होतं. साडेनऊ लाख खिशातून. किल्ली आता सोसायटीच्या ऑफिसमध्ये ठेवत नाही.

नाशिक

तुमच्या दिव्यांच्या आणि लॅपटॉपच्या गोष्टी वाचून करमणूक झाली. माझ्याकडे १९९५ ची मर्सिडीज ई-क्लास आहे, डब्ल्यू १२४. पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडलेल्या पहिल्या गाड्यांपैकी. वडिलांनी घेतली. या गाडीला पुढच्या काचेला एकच वायपर. तो नुसता अर्धगोल फिरत नाही, फिरता फिरता लांब होतो आणि आखडतो, म्हणून दोन्ही वरचे कोपरे पुसले जातात. लहानपणी मी पाऊस पडावा म्हणून वाट पाहायचो.

दोन वर्षांपूर्वी कसाऱ्याच्या घाटात तो मधेच अडकला. एका गॅरेजने "असेंब्लीच मिळत नाही, बाहेरून मागवू" म्हणून महिना काढला. शेवटी सातपूरच्या एका सत्तरीच्या मिस्त्रींनी ती पेटी उघडली. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. रॉकेलने धुतलं, नवीन ग्रीस भरलं, आठशे रुपये. "असेंब्ली मागवणाऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवला आठवत नसेल," एवढंच म्हणाले.

श्टुटगार्टजवळ, जर्मनी

इथे नवीन गाडीची तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी. तपासणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा. त्यामुळे तपासणाऱ्याला पार्ट विकायचा नसतो, सगळी गंमत त्यात आहे. आणि वॉरंटीत असतानाही बाहेरच्या गॅरेजमध्ये, कंपनीच्या निकषांप्रमाणे सर्व्हिस केली तर वॉरंटी जात नाही, असा युरोपातला नियम आहे. मजुरीचे दर बघितलेत तर मात्र तुम्ही सगळे पुण्यातच बरे आहात.

सोलापूर

वर जर्मनीहून लिहिलंय त्यांना उत्तर. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याच्या मक्तेदारीवरून १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता. पुढे प्रकरण अपिलात गेलं. आपल्याला रोजच्या वापराला त्यापेक्षा ग्राहक आयोग बरा.

माझ्या गाडीचा रंगवलेला दरवाजा उन्हात वेगळाच दिसायचा. तीनदा परत रंगवला, तीनदा वेगळा. तक्रार घरबसल्या ऑनलाइन टाकली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, शोरूम पुण्याला असलं म्हणून पुण्याला खेटे घालायला नकोत. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. माझ्याकडे दरवाजाचे उन्हातले फोटो, तीन जॉबकार्डं आणि मेल होत्या. फोनवर बोललेलं काहीच कामाला आलं नाही. नोटीस गेल्यावर नवव्या दिवशी तडजोडीचा फोन आला.

आणि गाडी कंपनीच्या नावावर आहे म्हणून 'तुम्ही ग्राहकच नाही' असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की संचालकाच्या स्वतःच्या वापरासाठी घेतलेली गाडी केवळ तेवढ्याने व्यावसायिक ठरत नाही.

धागाकर्ता, पुन्हा

काउंटरपलीकडच्या मित्राचं ऐकलं. शोरूममध्ये जाऊन फिटरशी बोलायचंय म्हणालो. "तशी पॉलिसी नाही," म्हणाले. मग गाडी भोसरीच्या एका गॅरेजात नेली. त्या पोराने लॅपटॉप लावायच्या आधी भांडी घासायच्या साबणाचं पाणी एका फवाऱ्याच्या बाटलीत भरलं आणि स्ट्रटवर मारलं. उजव्या बाजूला रबराच्या घडीत बुडबुडे आले, बारीक, सोडा उघडल्यासारखे. डावीकडे काही नाही. व्हॉल्व्ह ब्लॉकलाही नाही. कंप्रेसर अजून दम धरून होता. गळती भरून काढायला रात्रंदिवस पळत राहिला असता तर दोनेक महिन्यांत गेला असता, असं त्याचं मत.

एकच स्ट्रट बदलला, बिल ८१,००० रुपये. जुना डिकीत आहे, बायको विचारतेय याचं काय करायचं. गाडी चार दिवस सरळ उभी आहे. आज सकाळी मात्र बायकोच म्हणाली, डावी बाजू एक बोट खाली वाटतेय. मोजपट्टी घेऊन खाली जातोय.