मॅच हुकली: येत्या सप्टेंबरातच पुन्हा अर्ज, की एक वर्ष थांबायचं?

पारिजात: मार्चमधल्या त्या सोमवारी ‘अनमॅच्ड’ (म्हणजे मॅच या जागावाटपात कुठेच जागा नाही) आलं की आपली एमबीबीएस झालेली मुलं डोळे पुसत पुसतच ठरवतात, सप्टेंबरात अमेरिकेतल्या रेसिडेन्सीला (तिथल्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणाला) परत अर्ज करायचा. माझं ठाम मत आहे, तोच अर्ज पाठवणार असाल तर पाठवू नका. आधी गाडी कुठे अडली ते पाहा. शंभर अर्जांवर एकही इंटरव्ह्यू नाही म्हणजे बहुतेक ठिकाणी तो कुणी उघडलेलाच नाही. वायओजी (पदवी मिळाल्याचं वर्ष), सीकेचा (स्टेप टू या अमेरिकी परवाना परीक्षेचा) स्कोअर किंवा व्हिसाच्या चाळणीतच गळाला. दहा-बारा इंटरव्ह्यू होऊनही मॅच नाही, तर कागद ठीक आहेत, बोलण्यात कमी पडलात. पास झालेली सीके स्कोअर वाढवायला पुन्हा देता येत नाही. मग हातात उरतो तिथला प्रत्यक्ष अनुभव आणि तिथल्या डॉक्टरांची ताजी शिफारसपत्रं. त्याला वर्ष लागतं.

गोदाकाठ: निदान पटलं, उपचार नाही. बरेच प्रोग्राम पास होऊन पाच वर्षांच्या आतलेच उमेदवार घेतात. २०२२ ला पास झालेल्याला सप्टेंबर २०२६ मध्ये चार वर्षं होतात, २०२७ मध्ये पाच. म्हणजे वर्ष थांबून तुम्ही नेमकी ती चाळणीच अंगावर घेता! व्हिसा हातात असेल तर मे-जूनमध्ये दोन ऑब्झर्व्हरशिप (तिथल्या रुग्णालयात नुसतं पाहून शिकणं), त्याच फेरीत स्टेप थ्री (पुढची परवाना परीक्षा, ती अमेरिकेतच द्यावी लागते), ऑगस्टपर्यंत दोन नवी पत्रं. सहा महिन्यांत बसतं.

कोकणकडा: स्टेप थ्री सरसकट सांगू नका हो. ती लागते एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर शुल्क जाहीर झालं. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसाला ती लागत नाही. सीके जेमतेम असेल तर द्या, नाहीतर तो पैसा ऑब्झर्व्हरशिपला घाला.

गोदाकाठ: हे मान्य. पण ‘सोबत नीट-पीजी (इथली पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) देऊन ठेवा’ असा सल्ला काही जण देतात, तो त्याहून घातक आहे. दोन्ही अभ्यास वेगळे. शिवाय जागा घेऊन नंतर सोडली तर काही राज्यांत सीट सोडल्याचा दंड भरावा लागतो.

पारिजात: नीट घातक कशी? ज्याची वायओजीची मर्यादा उलटून गेली त्याने नीटच धरावी, तीही पूर्णवेळ. माझा विरोध दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याला आहे.

कोकणकडा: एक राहिलं. सोपमध्ये, म्हणजे त्याच आठवड्यात उरलेल्या जागांसाठी गुरुवारपर्यंत चालणाऱ्या फेरीत, ४५ च अर्ज करता येतात, ऑफर आली की दोन तासांत उत्तर. प्रोग्रामने आधी संपर्क केल्याशिवाय आपण फोन करायचा नाही. तिकडच्या मामांनी तुमच्या वतीने केला तरी नियमभंगच. म्हणून घरी सोमवारीच सांगून टाका, गुरुवारपर्यंत नातेवाइकांचे फोन आईने किंवा बाबांनी घ्यायचे, आणि सांत्वनाला कुणी यायचं नाही.