आडजागेचं आलिशान घर विकलं का जात नाही?

रानवाट : वस्तीपासून लांब बांधलेली अवाढव्य घरं वर्षानुवर्षं विक्रीला पडून असतात. माझ्या मते दोष भावाचा आहे. मालक बांधकामाला किती गेले ते धरून बसतो, घेणारा आपल्याला काय उपयोग ते बघतो. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं शिकागोजवळचं 56,000 चौरस फुटांचं घर 2012 मध्ये 2.9 कोटी डॉलरला बाजारात आलं आणि 2024 मध्ये 95 लाख डॉलरला गेलं. पहिल्याच दिवशी रास्त भाव लावावा.

निवांत : पटलं नाही. ते घर उपनगरात आहे, रानात नाही. ते अडलं, कारण एकाच माणसासाठी बांधलं होतं. फाटकावर त्याच्या जर्सीचा भलामोठा 23 आकडा, आत बास्केटबॉलचं कोर्ट! खरी आडजागा ज्याला हवी असते, तो एकांतासाठीच पैसे मोजतो. असं गिऱ्हाईक क्वचित येतं, तोवर थांबावं. घाईने भाव पाडला तर पुढचा आणखी पाडून मागतो.

रानवाट : थांबायला पैसे लागतात हो. कर, विमा, राखणदार, माळी, तलावाची देखभाल, सगळं चालूच. बंद ठेवलं तर ओल आणि वाळवी. शिवाय जाहिरात जुनी झाली की येणारा आधी विचारतो, "घरात खोट काय आहे?"

हिशेबनीस : तुम्ही दोघंही कर्जाची बाजू सोडताय. बँकेचा मूल्यांकनकार आसपास अलीकडे विकलेली तशीच घरं शोधतो. आडजागी ती नसतातच. मग तो सावधपणे कमी किंमत धरतो, कर्ज त्याच हिशेबाने मिळतं आणि वरची रक्कम घेणाऱ्याने रोख भरायची. म्हणजे उरले फक्त रोखीवाले. आणि एवढी रोख असलेला माणूस दुसऱ्याच्या आवडीचं घर का घेईल? जमीन घेऊन स्वतःला हवं तसं बांधेल. गायक मायकल जॅक्सनचं कॅलिफोर्नियातलं आडजागेचं घर, नेव्हरलँड बघा, आवार सुमारे 2,700 एकर. 2015 मध्ये मागितलेली किंमत 10 कोटी डॉलर, 2017 मध्ये 6.7 कोटी, 2020 मध्ये विकलं 2.2 कोटींना.

निवांत : नेव्हरलँडला जॅक्सनवरच्या मुलांच्या लैंगिक छळाच्या आरोपांची छाया होती, सगळं अंतरावर ढकलू नका. कर्जाचं मात्र मान्य. पण म्हणून भाव पाडण्याआधी उपयोग बदलून बघावा ना. जमिनीचे तुकडे पाडा, नाहीतर विश्रामगृह म्हणून विका.

रानवाट : तुकडे पाडले तर एकांत कुठे उरला? तुमचाच मुद्दा तुम्ही खोडताय.

हिशेबनीस : विश्रामगृहाचा मार्ग चांगला आहे, पण परवानगीवर अडतो. एका कुटुंबाला पुरणारी विहीर आणि सांडपाण्याची टाकी चाळीस पाहुण्यांना पुरत नाही. अग्निशमनाची गाडी येईल एवढा रस्ता लागतो. हे कागद मालकाने आधी मिळवले असतील तर जाहिरातीत ठळक लिहावेत. नसतील तर घेणारा ती जोखीम भावातून वजा करणारच, आणि तो चुकीचा नाही.