आई एकटीच शिकागोला जायलीय, अबुधाबीत अकरा तास थांबायचंय. व्हिसा लागेल का?

उदगीरची_लेक

नमस्कार. माझी आई, वय 64, पहिल्यांदाच विमानात बसायलीय आणि तेही एकटी. धाकटी बहीण शिकागोजवळ राहते, पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण. आईला अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा मिळालाय. मी शाळेत शिकवते, परीक्षा तोंडावर आल्यात, मला सोबत जाता येत नाही.

आम्ही बिदरमार्गे हैदराबादला जाऊन तिथूनच तिला बसवून देणार. एजंट म्हणायलाय, फ्रँकफर्टवरून दोन वेगवेगळी तिकिटं काढा, 19 हजार वाचतात. अमेरिकेचा व्हिसा असल्यावर जर्मनीत काहीच लागत नाही म्हणे. दुसरा पर्याय हैदराबाद–अबुधाबी–शिकागो असं एकच तिकीट. पण अबुधाबीला रात्री साडेदहाला उतरायचं आणि पुढचं विमान सकाळी साडेनऊला. अख्खी रात्र!

आईला मराठी येते आणि आपल्याकडची दखनी. इंग्रजी नाही. रात्री तिला कुणी विमानतळाबाहेर जा म्हणलं तर? अबुधाबीचा व्हिसा लागेल का? हातातल्या पाटल्या काढायला ती तयार नाही. बाबा गेल्यापासून झोपेची अर्धी गोळी घेते, तीही सोबत असणार. शिवाय बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, येसर, मेतकूट, सगळं जवळच्या पिशवीत घेणार म्हणते. चार दिवस झाले, मला नीट झोप नाही. कुणाचे आईवडील असे गेले असतील तर सांगा.

गोदाकाठ_नांदेड

ताई, दोन तिकिटांच्या नादी लागू नका. हे मी पोळलेला माणूस सांगतोय.

माझ्या सासऱ्यांचं असंच झालं. अमेरिकेचा व्हिसा होता, फ्रँकफर्टपर्यंत एक तिकीट, पुढचं दुसऱ्या कंपनीचं. हैदराबादच्या काउंटरवरच अडवलं. मी आधी भांडलो, पण काउंटरवरची मुलगी बरोबर होती, हे नंतर कळलं. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की जर्मनीचा विमानतळ-ट्रान्झिट व्हिसा (म्हणजे तिथं फक्त विमान बदलण्यापुरता) लागत नाही, हे खरंय. पण ती सूट फक्त आतल्या आंतरराष्ट्रीय भागात बसून राहण्यापुरती. तिकिटं वेगळी असली आणि सामान शिकागोपर्यंत लागलं नाही, तर फ्रँकफर्टला पट्ट्यावरून बॅग उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं. म्हणजे इमिग्रेशन ओलांडून जर्मनीत शिरणं आलं, आणि त्याला शेंगेन व्हिसाच (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो) पाहिजे. तिथं अमेरिकेचा व्हिसा कामाला येत नाही. कागद अपुरे असलेला माणूस नेला तर दंड विमान कंपनीला बसतो, म्हणून ते इथंच थांबवतात. दुसऱ्या तिकिटाचा एक रुपया परत आला नाही. सासरे परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलले नाहीत, ते मला आजही आठवतं.

एकाच तिकिटावर अबुधाबी असेल तर आईंना बाहेर पडायची गरजच नाही. आत थांबायला तिथला व्हिसा लागत नाही, आणि रात्र झाली म्हणून कुणी बाहेरही काढत नाही. फक्त हैदराबादला दोन गोष्टी बघून घ्या: दोन्ही बोर्डिंग पास हातात मिळाले का, आणि बॅगेच्या टॅगवर ओआरडी ही शिकागोची अक्षरं आहेत का. टॅगवर एयूएच दिसलं तर तिथंच थांबवून विचारा, ती अबुधाबीची अक्षरं आहेत.

जालन्याचा_मुसाफ्फात

मी अबुधाबीत नऊ वर्षं नोकरीला आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. ताई, या मनावर घ्या.

लाडवात खसखस घातलीय का? असेल तर ते लाडू आणूच नका. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात येते ती. आपल्याकडं घरोघरी असते म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. सामान थेट पुढं जाणार असलं तरी ही जोखीम घेऊ नका.

दुसरं, झोपेची गोळी. अल्प्राझोलामसारखी असेल तर ती इथं नियंत्रित औषधांत धरतात. कोणती आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या. शक्य असेल तर प्रवासापुरती बंद ठेवता येईल का तेही त्यांनाच विचारा, मनानं बंद करू नका. न्यायचीच असेल तर मूळ पाकिटात, मोजक्या गोळ्या, सोबत इंग्रजीत चिठ्ठी. आणि ओळखीचं असो की अनोळखी, "एवढं पार्सल पोचवा" म्हणणाऱ्याचं काही घ्यायचं नाही. आईंना हे दहा वेळा सांगा.

भाषेची काळजी करू नका. विमानतळावर कामाला नेपाळी, मलयाळी, पाकिस्तानी, बंगाली माणसं. आईंची दखनी त्यांना बरोबर कळते. माझी आई आली तेव्हा व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोराशी घरच्यासारखी बोलत होती.

उदगीरची_लेक

खसखस आहे! दोन किलो लाडू कालच वळून झालेत. बरं झालं विचारलं. एजंटला नाही म्हणून कळवलं, एकच तिकीट काढतेय. व्हीलचेअर लावावी का? आई चालती-फिरती आहे, तिला कमीपणा वाटेल. आणि रात्री बाहेर हॉटेलवर गेली तर?

लातूर_खाडगाव_रोड

व्हीलचेअर लावाच. गुडघे दुखत नसले तरी त्या गर्दीत वाट दाखवायला हक्काचं माणूस मिळतं. पैसे लागत नाहीत, तिकीट काढतानाच नोंदवा. माझ्या आईला मी म्हणलं, "खुर्ची पायासाठी नाही, रस्त्यासाठी आहे." मग बसली.

हॉटेलचं डोक्यातून काढा. अमेरिकेचा व्हिसा सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असला तर भारतीयांना तिथं पोचल्यावर 14 दिवसांचा व्हिसा मिळतो, पण एकट्या बाईनं मध्यरात्री ती रांग आणि टॅक्सी कशाला करायची?

आता महत्त्वाचं. अबुधाबीत अमेरिकेचं इमिग्रेशन तिथंच होतं, 2014 पासून. म्हणजे अमेरिकन अधिकाऱ्यासमोर आई शिकागोला नाही, अबुधाबीतच उभ्या राहणार. त्याआधी आणखी एक सुरक्षा तपासणी असते. म्हणून विमानाच्या तीन तास आधी त्यांना तिकडं निघायला सांगा, गेटजवळ झोप लागून जायला नको. अधिकारी विचारतो, कुणाकडं चाललात, किती दिवस, जावई काय करतात. दुभाषी मागता येतो. खरं तेच आणि थोडक्यात सांगायचं: मुलीकडं, नातवंड बघायला, अमुक तारखेला परत. परतीचं तिकीट छापून जवळ द्या.

येसर आणि मेतकूट मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानात हातातल्या पिशवीत 350 मिलीपेक्षा जास्त पूड असली तर वेगळी तपासणी होते, काढूनही ठेवतात. कढीपत्ता, कोथिंबीर, फळ काहीच नको. खाण्याचं काय आहे विचारलं तर लपवायचं नाही.

पाटल्या राहू द्या, बाईमाणसाच्या हातातलं आहे ते. पासपोर्ट आणि पासाचा बटवा मात्र पोलक्याच्या आत, पिशवीत नाही. घड्याळ तिथं दीड तास मागं करायचं, नाहीतर आई पहाटे पाचलाच सकाळ झाली म्हणून उठून बसतील. फोनवर रोमिंग इथूनच सुरू करून, हैदराबादच्या विमानतळावर तुम्ही स्वतः एकदा तपासा.

गोदाकाठ_नांदेड

एक राहिलं. व्हीलचेअरवाला गेटजवळ बसवून निघून जातो, परत येतो. मध्ये आईंनी जागा सोडायची नाही. पायखान्याला जायचं असलं तर शेजारच्या बाईला सांगून जायचं. एका कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून द्या: नाव, पुढच्या विमानाचा नंबर आणि वेळ, तुमचा आणि बहिणीचा फोन. सासऱ्यांना दुसऱ्या वेळी हाच कागद दिला होता. ते नीट पोचले.

उदगीरची_लेक

कागद आत्ताच लिहिला, आईच्या पासपोर्टमध्ये ठेवलाय. लाडू शेजारीपाजारी वाटले, उद्या बिनखसखशीचे नव्यानं करतोय. गोळीचं नाव बघितलं, तुम्ही म्हणालात तीच निघाली. परवा डॉक्टरांकडं जायलोय, ते काय म्हणतात ते इथंच कळवते.