तक्ता भरून माणूस उभा राहत नाही

कथेतलं पात्र कसं उभं करायचं, असं विचारलं की कुणीतरी सुचवतं, पात्राचं वय, आवडीनिवडी, भीती असा तक्ता आधी भरून घ्यावा. भरा की! पण पात्राला काहीतरी हवं असावं आणि ते मिळवताना दुसरं काही हातचं जावं, तिथं ते खरं वाटायला लागतं.

बीडकडचं ऊसतोड जोडपं घ्या. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतलेली, दिवाळीच्या सुमाराला कारखान्याकडं निघायचं. नवऱ्याला उचल फेडायचीय, बायकोला पोरीची दहावी पुरी करायचीय. दोघंही आपल्या जागी बरोबर. पोरीला आजीपाशी ठेवायचं की उसाच्या फडावर न्यायचं, यावर कोण आवाज चढवतं, कोण भाकरी थापत गप्प राहतं, त्यातून स्वभाव कळतो. ‘ती फार सोशिक होती’ हे वाक्य मग खोडलं तरी चालतं.

दुष्काळाचंही तेच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमची नायिका टँकरपाशी आपला नंबर शेजारणीला देते का, ते लिहा.

आणि बोलीसाठी वाक्यावाक्यात ‘लई’ कोंबू नका, कृपा करून. परभणीची म्हातारी बँकेतल्या साहेबाशी बोलते तशी सुनेशी बोलत नाही. तो फरक पकडा.