मरीन डिझेलच्या मॅनिफोल्डला गंजून भोक पडलंय: वेल्डिंग की नवा?

सुकाणू:
चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर एकत्र करून बाहेर नेणारा भाग) बिडाचा (कास्ट आयर्नचा), थंड करायला थेट समुद्राचं पाणी. रायझरच्या (मॅनिफोल्डमधून धूर पुढे नेणाऱ्या नळीच्या) जोडाखाली दोन बोटांवर गंजाचा ओघळ होता. पापुद्रा खरवडला तर टाचणीएवढं भोक निघालं, इंजिन चालू असताना त्यातून पाणी ठिबकतं. ऑइल दुधाळ झालेलं नाही, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं दिसत नाही. इपॉक्सी, वेल्डिंग की नवा मॅनिफोल्ड? आणि स्टड (मॅनिफोल्ड इंजिनला धरणारे आटेदार दांडे) न तुटता मॅनिफोल्ड काढायचा कसा?

बीडकाम:
बाहेरची भिंत पाण्याने गार राहते, म्हणून इपॉक्सी किनाऱ्याला पोचेपर्यंत टिकेल. त्यापुढे भरवसा नको.

हा गंज आतून बाहेर येतो. तुम्हाला दिसलेलं भोक बाहेरच्या भिंतीचं आहे, खरी काळजी पाणी आणि धूर यांच्या मधल्या भिंतीची. ती फुटली की इंजिन बंद असताना पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून आधी प्रेशर टेस्ट. मॅनिफोल्ड काढा, पाण्याची सगळी तोंडं रबर आणि जाड पट्टी लावून बंद करा, एका तोंडाला हवेचा व्हॉल्व्ह बसवा, सापडलेलं भोक रबर दाबून झाका. 1 बार दाबाने हवा भरून पाण्यात बुडवा. धुराच्या वाटेतून एक जरी बुडबुडा आला तरी मॅनिफोल्ड भंगारात.

बुडबुडा नाही आला तर भोकाभोवती चाकूने खरवडून बघा. खारं पाणी बिडातलं लोखंड खातं आणि ग्राफाइट मागे ठेवतं. आकार तसाच राहतो, पण चाकूखाली पेन्सिलच्या शिशासारखी काळी भुकटी निघते. त्यावर वेल्डिंग धरत नाही. चकचकीत धातू लागेपर्यंत घासा. तिथे भिंत 3 मिमीपेक्षा कमी उरली तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका.

धातू चांगला निघाला तर निकेलचा रॉड वापरा. साध्या स्टीलच्या रॉडने बिडातलं कार्बन ओढलं जाऊन शिवण काचेसारखी ठिसूळ होते आणि कडेनं तडकते. एका वेळी 25 मिमीच शिवण मारा, गरम असतानाच हातोडीने हलके ठोका, हात ठेवता येईल इतकं गार झाल्यावर पुढची. शेवटी कोरड्या राखेत पुरून ठेवा. पाणी ओतून गार करायची घाई केलीत की तडा गेलाच समजा. वेल्डिंगनंतर प्रेशर टेस्ट पुन्हा.

डिझेलवाला:
स्टडबद्दल: आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तेल पुसून, डिझेलचे पाइप बाजूला करून नट तापवा, निवू द्या, मग आधी किंचित आवळा आणि नंतर सोडा. अडला की परत आवळा. सरळ जोर लावला की स्टड इंजिनच्या हेडमध्येच तुटतो. तुटलाच तर उरलेल्या टोकावर नट वेल्ड करा. त्या उष्णतेनेच आटे सुटतात.

बसवताना मॅनिफोल्डच्या इंजिनला टेकणाऱ्या बाजूवर सपाट पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून बघा. 0.1 मिमीचा फीलर कुठे शिरला तर ती बाजू मशीनवर घासून घ्या, जाड गॅस्केटने झाकू नका. गॅस्केट नवंच. नट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळा. इंजिन एकदा तापून गार झालं की टॉर्क परत तपासा.

आणि चालू करण्याआधी इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सुकाणू:
प्रेशर टेस्टला धुराच्या वाटेतून बुडबुडे नाहीत. पण चाकूने भोकाभोवती तळहाताएवढ्या भागात काळी भुकटी निघतेय. आतून ॲसिडने धुऊन नीट पाहू का?

बीडकाम:
नको. बऱ्याच वेळा गंजाचा थरच भोकं बुजवून बसलेला असतो, ॲसिडने तो निघाला की गळती वाढते. एवढ्या भागात भुकटी म्हणजे हा मॅनिफोल्ड गेला. नवा घ्या, आणि त्याच वेळी रायझर उघडून बघा. गरम धुरात पाणी तिथेच मिसळतं, त्यामुळे बहुधा तो आधी खंगलेला असतो.

डिझेलवाला:
+१. नव्याला दर फेरीनंतर गोड्या पाण्याने फ्लश करा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवून. तो बंद असताना मॅनिफोल्डमध्ये खारं पाणी तसंच राहू शकतं.