फायब्रोस्कॅन ११.८ आलाय, पण तपासणी खाल्ल्यावर झाली. आकडा धरायचा का?

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विचारतोय. वय ६४, शुगर जुनी, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नागपुरात धंतोलीत फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) केला. स्टिफनेस म्हणजे कडकपणा ११.८ केपीए (किलोपास्कल), सीएपी म्हणजे यकृतातल्या चरबीचा आकडा ३१२, आणि खाली बारीक अक्षरात आयक्यूआर/मीडियन (ठोक्याठोक्यातल्या मापांत किती फरक पडला ते) ३६ टक्के. नेटवर सिरॉसिसबद्दल (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) काहीबाही वाचून बाबा तेव्हापासून धड जेवतही नाहीत.

मला आकड्याचीच शंका येतेय. उपाशीपोटी या, असं अपॉइंटमेंट देताना कोणी सांगितलं नाही. बाबा घरून तर्री-पोहे खाऊन निघाले होते. खाल्ल्यावर यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि ते तेवढ्यापुरतं जास्त कडक भरतं, म्हणून निदान ३ तास पोट रिकामं हवं.

दुसरं प्रोबचं, म्हणजे अंगाला टेकवतात त्या दांड्याचं. मी खोलीतच होतो. उजवा हात डोक्यामागे, बरगड्यांच्या मधल्या जागेत जेल, आणि बटण दाबलं की टिचकीसारखा ठोका. हा ठोका ५० हर्ट्झचा. त्याने उठलेली लाट यकृतातून किती वेगाने जाते ते अल्ट्रासाउंड टिपतं. यकृत जितकं कडक, तितकी लाट जोरात. केपीए मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो: सेकंदाला १ मीटर म्हणजे साधारण ३, २ मीटर म्हणजे थेट १२! वेग जरासा चुकीचा टिपला गेला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. बाबांचं पोट सुटलेलं, कातडीखाली चरबी भरपूर, तरी जाड अंगासाठीचा एक्सएल न लावता नेहमीचा एम प्रोबच लावला. १० ठोके घेतले खरे, पण आयक्यूआर ३० टक्क्यांच्या आत हवा ना?

एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) ५८ आहे. कावीळ नाही, पोटात पाणी नाही, हार्टचा त्रास नाही, दारू कधीच नाही.

स्टिफनेस ८ च्या खाली असता तर एवढी काळजी नव्हती. ८ ते १२ म्हणजे ना इकडे ना तिकडे, बाबा नेमके तिथे आहेत.

उपाशीपोटी, एक्सएल प्रोबने परत करून घ्यावा का? की सरळ एमआर इलास्टोग्राफीकडे (एमआरआयने यकृताचा कडकपणा मोजतात ती) जावं? रामदासपेठेत किंवा मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत एक्सएल प्रोब मिळतो का, कोणी स्वतः करून घेतला असेल तर कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल. काढे आणि लिव्हर टॉनिक मात्र सुचवू नका, घरात आधीच तीन बाटल्या येऊन पडल्या आहेत.